जळगावची तालीम

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

खानदेशाचं नाव निघालं की लोकांना केळी आठवतात, कापूस आठवतो, वांग्याचं भरीत आठवतं. माणूस जरा वाचणारा असेल तर बहिणाबाई आठवतात. गाणं मात्र आठवत नाही. शास्त्रोक्त गाणं म्हटलं की मिरज, कोल्हापूर, पुणे, धारवाड, गोवा ही नावं पुढे येतात आणि आपला खानदेश मागच्या बाकावर बसून राहतो. आज मला त्या मागच्या बाकावरच्या एका माणसाबद्दल बोलायचं आहे. त्यांचं नाव मेहबूबखान. ते जळगावात गाणं शिकवत. त्यांच्यासमोर बसून ज्या मुलानं लहानपणी गाण्याचे धडे घेतले, त्याचं नाव नारायण श्रीपाद राजहंस. म्हणजे आपले बालगंधर्व.

बालगंधर्व म्हणजे मराठी माणसाच्या काळजातला आवाज. त्यांच्यावर चरित्रं लिहिली गेली, लेख लिहिले गेले, 2011 साली चित्रपटही निघाला. शालू, शेले, अत्तरं, पंगती, वन्समोअर, कर्ज, सगळ्याच्या कथा झाल्या. या सगळ्या पसाऱ्यात मेहबूबखानांच्या वाट्याला एखादी ओळ येते. 'जळगावला मेहबूबखान यांच्याकडे गायनाचं शिक्षण झालं', एवढं म्हणून चरित्र पुढच्या पानावर जातं. मला त्या ओळीपाशी थोडं थांबायचं आहे. कारण ती ओळ आपल्या गावची आहे. आणि दुसरं कारण असं की, ज्या आवाजाला आपण अस्सल मराठी म्हणतो तो कुणाकुणाच्या हातून घडला, याचा धागा त्या ओळीपासून सुरू होतो.

नारायणाचा जन्म 26 जून 1888 चा. घराणं सांगलीकडच्या नागठाण्याचं. वडील श्रीपादराव, आई अन्नपूर्णाबाई. घरची परिस्थिती बेताची, पण पोराचा गळा असा की ऐकणाऱ्यानं हातातलं काम ठेवावं. दहा-अकरा वर्षांच्या या मुलाचं गाणं पुण्यात लोकमान्य टिळकांनी ऐकलं आणि त्यांच्या तोंडून 'बालगंधर्व' हे नाव निघालं, ही गोष्ट महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही माहीत असते. त्याच बालपणातली काही वर्षं नारायण नातेवाइकांकडे जळगावला होता आणि तिथे त्याची मेहबूबखानांकडे शिकवणी सुरू झाली.

तेव्हाचं जळगाव कसं होतं? जळगाव जिल्ह्याचं गाव नव्हतं. सगळा खानदेश मिळून एकच जिल्हा होता आणि त्याचा कारभार धुळ्याहून चाले. 1906 साली पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश अशी वाटणी झाली, तेव्हा जळगाव जिल्ह्याचं ठाणं झालं. पण गाव वाढत होतं ते कापसावर आणि रेल्वेवर. मुंबईहून भुसावळकडे जाणारी जी.आय.पी. रेल्वे जळगाववरून जात होती. भुसावळहून एक फाटा नागपूरकडे आणि दुसरा बऱ्हाणपूर, खांडवा करत उत्तर हिंदुस्थानात. विसावं शतक उजाडता उजाडता सुरतेहून अमळनेरमार्गे तापीकाठची रेल्वे जळगावला येऊन मिळाली, आणि चाळीसगावहून धुळ्याला फाटा गेला. उत्तरेकडचा माणूस मुंबईला निघाला की त्याची गाडी आपल्या दारावरून जायची. नाटक मंडळ्यांचं सामानही याच रुळांवरून फिरायचं. रेल्वे नुसता कापूस नेत नव्हती, सूरही ने-आण करत होती.

इथे आणखी एक योग सांगण्यासारखा आहे. ज्या वर्षांत नारायण जळगावात सूर लावायला शिकत होता, त्याच वर्षांत त्याच गावात आसोद्याहून लग्न होऊन आलेली एक विशीच्या आतबाहेरची सासुरवाशीण जात्यावर दळता दळता ओव्या रचत होती. बहिणाबाई चौधरी. जन्म 1880 चा, म्हणजे नारायणापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या. एकाच गावात महाराष्ट्राचे दोन आवाज होते. एकाला अक्षरओळख नव्हती, पण आई-आजीकडून चालत आलेली ओवीची चाल होती. दुसऱ्याला गळा होता आणि त्या गळ्याला वळण लावणारा गुरू मिळाला होता. एका आवाजाची लेवा बोली पुढे 1952 साली पुस्तकात आली. दुसरा आवाज रंगभूमीवर गेला. जळगावच्या मातीत गाणं नाही असं म्हणणाऱ्यानं ही दोन नावं शेजारीशेजारी ठेवून पाहावीत.

आणि खानदेशाचं गाण्याशी नातं तेवढंच जुनं आहे असंही नाही. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण ती जुन्या खानदेशाची राजधानी. तिथे फारुकी सुलतानांची गादी होती, ती 1601 साली अकबरानं असिरगड घेतला तेव्हा संपली. त्याच्या आधी, सोळाव्या शतकात, कर्नाटकातला एक ब्राह्मण पंडित, पुंडरीक विठ्ठल, या फारुकींच्या दरबारी आला. बुऱ्हाणखानाच्या आश्रयानं त्यानं 'सद्रागचंद्रोदय' हा संगीतशास्त्रावरचा संस्कृत ग्रंथ लिहिला. दक्षिणेचं शास्त्र आणि उत्तरेचे राग यांची सांगड घालणाऱ्या ग्रंथांत त्याचं नाव घ्यावं लागतं. पुढे पंडित भातखंड्यांनी जुन्या ग्रंथांचा अभ्यास केला तेव्हा पुंडरीक विठ्ठलाची पोथी त्यांच्याही हाती होती. म्हणजे कानडी पंडित, संस्कृत ग्रंथ, मुसलमान सुलतान आणि खानदेशाची भूमी. जळगावातल्या एका खाँसाहेबांसमोर एक ब्राह्मणाचा मुलगा मांडी घालून बसला, त्याच्या तीनशे वर्षं आधी हे होऊन गेलेलं आहे.

आता तालीम म्हणजे काय ते थोडं सांगतो. आमच्याकडे कुस्तीच्या आखाड्यालाही तालीम म्हणतात आणि उस्तादाच्या शिकवणीलाही तालीमच म्हणतात. दोन्हीकडे सुरुवात सारखी असते. आखाड्यात पहिल्या दिवशी कुणी डाव शिकवत नाही. माती उकरायला लावतात, जोर-बैठका काढायला लावतात. गाण्यातही पहिल्या दिवशी कुणी राग शिकवत नाही. एक षड्ज लाव म्हणतात. तो लागला की तो धरून ठेव म्हणतात. मग पलटे. मग हातावर ताल. मग एखादी छोटी बंदिश, तीही ब्रज भाषेतली. मराठी घरातलं पोर ते परके शब्द आधी नुसते घोकतं, मग हळूहळू त्यातला नाद कळायला लागतो. कागद नाही, पुस्तक नाही. उस्तादानं म्हणायचं, शिष्यानं उचलायचं. चुकलं की परत. याला 'सीना-ब-सीना' म्हणतात, छातीतून छातीत दिलेली विद्या.

अशा पहिल्या गुरूचं काम घराच्या पायासारखं असतं. घर बांधून झाल्यावर पाहुणे येतात, ते झुंबर बघतात, रंग बघतात, गच्ची बघतात. पाया कुणी बघत नाही, कारण तो जमिनीत असतो. बालगंधर्वांचा सूर कधी ढळत नसे, असं त्यांना ऐकलेली माणसं सांगत आली. कितीही द्रुत लयीत तान गेली तरी समेवर येताना आवाजाला घाई नसे. हे पुढच्या मोठ्या गुरूंनी घासूनपुसून दिलं, खरं आहे. पण घासायला आधी भांडं घडलेलं लागतं.

नारायणाच्या कानाला त्रास होता, ऐकायला कमी यायचं. गाणाऱ्या पोराला कानाचा त्रास म्हणजे पैलवानाला गुडघ्याचा. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याच्यावर मिरजेच्या मिशन इस्पितळात उपचारांची सोय केली. आणि त्याच मिरजेत 1905 साली किर्लोस्कर नाटक मंडळीच्या 'शाकुंतल' नाटकात शकुंतला म्हणून तो उभा राहिला. किर्लोस्कर मंडळी तेव्हा पोरकी झाल्यासारखी होती. 1901 साली भाऊराव कोल्हटकर गेले होते आणि त्यांच्यानंतर स्त्रीभूमिकेत गाणार कोण, हा प्रश्न होता. सतरा वर्षांच्या नारायणानं तो प्रश्न सोडवला.

कंपनीत त्याला गुरू मिळाले ते भास्करबुवा बखले. बुवांची गोष्ट सांगितल्याशिवाय बालगंधर्वांचं गाणं समजत नाही. बुवांचा जन्म 1869 चा, बडोदा संस्थानातल्या कठोर गावचा. लहानपणी तेही किर्लोस्कर मंडळीत स्त्रीभूमिका करायचे. पण वयात येताना आवाज फुटला आणि नाटकातली सद्दी संपली. दुसरा कुणी असता तर कारकुनी शोधायला गेला असता. बुवा गाणं शोधायला निघाले. बडोद्याला फैजमहंमदखाँकडे शिकले. मग आग्रा घराण्याच्या नथ्थनखाँकडे शिकले. स्वतः नावारूपाला आल्यावरही अल्लादियाखाँसाहेबांकडे शिष्य म्हणून गेले. तीन उस्ताद, तीन गायकी. त्या काळात घराण्याची चीज तिजोरीतल्या दागिन्यासारखी जपत. त्या चिजा या उस्तादांनी एका मराठी ब्राह्मणाला दिल्या, आणि बुवांनी त्या घेऊन 1911 साली पुण्यात भारत गायन समाज काढला, सगळ्यांना शिकता यावं म्हणून. तिजोरीचं दार त्यांनी उघडून ठेवलं.

मंडळी, बालगंधर्वांना शास्त्रीय गायक म्हणायचं की नाट्यगायक, असा वाद अधूनमधून होतो. मला त्या वादात फार दम वाटत नाही. 1913 साली गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांना बरोबर घेऊन त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. 1916 साली खाडिलकरांचं 'स्वयंवर' रंगभूमीवर आलं. त्याच्या चाली भास्करबुवांच्या. यमन, बिहाग, भीमपलास हे राग तोवर दरबारात आणि रसिकांच्या माडीवर होते. 'स्वयंवर'नं ते शेतकऱ्याच्या, गिरणी कामगाराच्या, चुलीपुढच्या बाईच्या ओठांवर आणून ठेवले. खयालाची बंदिश घ्यायची, तिचा सांगाडा तसाच ठेवायचा, त्यात मराठी शब्द बसवायचे आणि पाच-सात मिनिटांत रागाचं रूप उभं करायचं. हे खयालापेक्षा सोपं नाही. तिथे गवयाला राग उलगडायला तासभर मिळतो. इथे रुक्मिणीला प्रवेश संपायच्या आत सगळं सांगायचं असतं, आणि तेही रुक्मिणीच राहून. बालगंधर्व गाताना रुक्मिणी होते, आणि रुक्मिणी असताना गवई होते. पुढे कुमार गंधर्वांसारख्या स्वतंत्र बुद्धीच्या गवयानं 'मला उमजलेले बालगंधर्व' असा कार्यक्रम बांधला. गवई गवयाचाच असा अभ्यास करतो.

त्यांच्या आधीच्या 'मानापमाना'ची गोष्ट प्रसिद्ध आहे. 12 मार्च 1911, पहिला प्रयोग. त्याच दिवशी घरी त्यांची लहान मुलगी वारली. नाटक पुढे ढकलू म्हणून सगळे तयार होते. ते उभे राहिले आणि भामिनीचं काम केलं. 'मानापमाना'च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, त्यात पूरब अंगाची ठुमरी, दादरा यांचा ढंग भरलेला. बनारस-लखनौकडच्या बायकांनी गायलेली ठुमरी मराठी नायिकेच्या तोंडी आली आणि कुणाला ती परकी वाटली नाही. 1919 साली गडकऱ्यांचं 'एकच प्याला' आलं, गडकरी गेल्यानंतर. भरजरी शालू नेसणारा हा नट त्यात फाटक्या वस्त्रात सिंधू म्हणून उभा राहिला. 8 जुलै 1921 ला मुंबईत केशवराव भोसल्यांबरोबर 'संयुक्त मानापमान' झालं, टिळक स्वराज्य फंडासाठी. महाराष्ट्र त्या रात्रीच्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या सांगत राहिला. तीनच महिन्यांत केशवराव गेले.

आता रंगमंचावरच्या नायिकेवरून नजर थोडी खाली घेऊ, साथीदारांकडे. 1920 च्या दशकापासून गंधर्व मंडळीत तबल्याला बसत उस्ताद अहमदजान थिरकवा. मुरादाबादचे. मुंबईला मुनीरखाँकडे शिकलेले. विसाव्या शतकातल्या तबल्याचा इतिहास ज्यांच्या नावाशिवाय सांगता येत नाही, असा हा माणूस. एकल तबला वाजवला तर मैफल खिशात घालणारा. तो मराठी नाटकात पदाला साधा ठेका धरून बसे. थोर कलावंताची परीक्षा तो किती वाजवतो यात असतेच, पण कुठे वाजवत नाही यात जास्त असते. सारंगीवर कादरबक्ष. सारंगी हे वाद्य गळ्याच्या पाठोपाठ सावलीसारखं चालतं. गाणाऱ्यानं जे केलं ते तिनं लगेच उचलायचं, आणि गाणाऱ्याचा श्वास संपला तर तिनं सूर पडू द्यायचा नाही. ऑर्गनचे गंभीर सूर, कादरबक्षांची सारंगी, थिरकवांचा ठेका आणि मध्ये तो गळा. या सगळ्याला मिळून आपण 'गंधर्वगायन' म्हणतो.

थिरकवा पुढे रामपूर दरबारी गेले, नंतर लखनौला आकाशवाणीवर होते. 1970 साली पद्मभूषण मिळालं, 1976 साली ते वारले. पण महाराष्ट्रात ते विद्या पेरून गेले होते. लालजी गोखले, भाई गायतोंडे, निखिल घोष ही त्यांच्या शिष्यांतली काही नावं. आग्रा घराण्याचे गायक म्हणून नावाजलेले जगन्नाथबुवा पुरोहितही तबला थिरकवांकडूनच शिकले. उत्तरेतून आलेला एक माणूस नाटक कंपनीच्या गाडीतून गावोगाव फिरला आणि मराठी मुलखाला तबल्याचे बोल देऊन गेला.

मी मराठीत कविता लिहितो. घरात आमची दखनी उर्दू, गल्लीत अहिराणी, शाळेत मराठी. लहानपणी यातली आपली भाषा कोणती, असं कुणी विचारलं असतं तर प्रश्नच कळला नसता. मोठेपणी मात्र तो बऱ्याचदा विचारला गेला, कधी कौतुकानं, कधी दुसऱ्या सुरात. 'तुम्ही मराठीत कसं काय लिहिता?' मी लांबलचक उत्तर देत नाही. बालगंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लावतो. शब्द मराठी, राग हिंदुस्थानी, चाल भास्करबुवांची, बुवांना ती विद्या देणारे फैजमहंमदखाँ, नथ्थनखाँ, अल्लादियाखाँ, तबल्यावर थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. यातलं मुसलमान काय आणि हिंदू काय, हे ज्याला वेगळं काढून दाखवता येईल त्यानं दाखवावं. दुधात विरलेली साखर परत दाण्यांनी मोजता येत नाही.

पण असंही नाही की या समाजानं सगळं नेहमीच मोकळ्या मनानं घेतलं. बालगंधर्वांच्या उत्तरायुष्याकडे पाहिलं की ते दिसतं. नाटकं भपकेदार होत गेली. 1920 च्या 'द्रौपदी'वर पाण्यासारखा पैसा गेला आणि कर्ज डोक्यावर आलं. नादारी घेऊन मोकळं व्हायचा सल्ला न मानता त्यांनी गाऊन कर्ज फेडलं. मग बोलपट आले आणि नाटकांची थिएटरं रिकामी पडायला लागली. 1935 साली प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात व्ही. शांतारामांनी त्यांना संत एकनाथांची भूमिका दिली. पुरुषवेषात, कॅमेऱ्यासमोर, प्रेक्षकांशिवाय. तिथे त्यांचा जीव रमला नाही. ते परत रंगभूमीकडे वळले.

1938 साली कंपनीत गोहरबाई कर्नाटकी आल्या. विजापूर भागातल्या, गाणाऱ्या घरातल्या. 'किस्मत' चित्रपटामुळे 1943 साली घराघरांत पोहोचलेल्या अमीरबाई कर्नाटकी या त्यांच्या बहीण. गोहरबाईंनी बालगंधर्वांची गायकी आपल्या गळ्यात उतरवली होती आणि त्यांच्याच नाटकांत नायिका म्हणून त्या उभ्या राहू लागल्या. 1940 साली बालगंधर्वांच्या पत्नी लक्ष्मीबाई वारल्या. पुढे 1951 साली त्यांनी गोहरबाईंशी लग्न केलं. यावर लोक काय काय बोलले ते इथे उगाळायला नको. एवढंच म्हणतो की, ज्या लोकांना थिरकवांचा तबला गोड लागत होता, त्यांतल्याच काहींना गोहरबाईंचं घरात असणं कडू लागलं. साथीला बसलेला मुसलमान चालत होता, उंबरठ्याच्या आत आलेली मुसलमान बाई चालली नाही. त्या बाईनं पडत्या काळात त्यांना सोडलं नाही. पैसा गेला, पाय अधू झाले, गर्दी ओसरली, तरी ती होती. 1964 साली ती गेली. त्याच वर्षी बालगंधर्वांना पद्मभूषण मिळालं. 15 जुलै 1967 ला पुण्यात ते गेले.

मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. माणसाचा हिशेब मांडताना जमेची बाजू आणि खर्चाची बाजू दोन्ही लिहाव्या लागतात, इतकंच. आपल्या संस्कृतीच्या वहीत मेहबूबखान, थिरकवा, कादरबक्ष जमेला आहेत. गोहरबाईंशी आपण कसे वागलो ते खर्चाला आहे. एक पान फाडलं की दुसऱ्या पानाची बेरीज जुळत नाही.

आता गोष्ट परत खानदेशात आणतो. आपल्या मुलखाला जपण्याची सवय आहे. इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या शेवटच्या दिवशी धुळ्याला वारले. गावोगाव पायी हिंडून त्यांनी गोळा केलेले कागद वाऱ्यावर जाऊ नयेत म्हणून 1927 साली धुळ्यात त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. कुणाच्या माडीवर, कुणाच्या दप्तरात पडलेली पत्रं, सनदा, पोथ्या त्यातून वाचल्या. धुळ्यानं कागद जपला. जळगावनंही आपल्या परीनं सूर जपला आहे. गावात बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे. वसंतराव चांदोरकरांच्या नावानं चालणाऱ्या प्रतिष्ठाननं बालगंधर्व संगीत महोत्सव भरवण्याची रीत पाडली. जानेवारीच्या थंडीत शाली पांघरून माणसं बसतात आणि देशभरातले गवई-वादक या गावात येऊन गातात-वाजवतात. ज्या गावाकडून त्या मुलानं काही घेतलं होतं, ते गाव आता त्याच्या नावानं इतरांना ऐकवतं. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला 1962 साली खुद्द बालगंधर्वांच्या हातून बसली होती. आपलं नाट्यगृह त्यापुढे साधं, वर आभाळ असलेलं. पण त्या नावावर आपला हक्क पुण्याइतकाच आहे, हे विसरायचं कारण नाही.

पण कागद एका गोष्टीत कमी पडतो. राजा कोण, दिवाण कोण, कुणाला इनाम मिळालं, हे कागद सांगतो. कुणी कुणाला सूर लावायला शिकवला, हे कागदावर क्वचितच येतं, कारण शिकवणाऱ्यानं त्याची पावती घेतलेली नसते. आपल्या प्रत्येक गावात असे मेहबूबखान असतात. प्राथमिक शाळेत बाराखडी गिरवून घेणारे गुरुजी असतात, आखाड्यातले वस्ताद असतात, भजनी मंडळात पोराला पहिल्यांदा पेटीवर बसवणारे बुवा असतात. शिष्य मोठा झाला की त्याच्या नावाच्या पाट्या लागतात. पाटीवर गुरूला जागा नसते.

गवयांनी यावर आपला उपाय काढला आहे, आणि तो मला फार आवडतो. मोठ्यात मोठा गवई मैफलीत बसला असेल आणि बोलता बोलता त्याच्या उस्तादाचं नाव आलं, तर त्याचा हात नकळत कानाच्या पाळीला जातो. तेवढं झालं की तो पुढे गायला लागतो. त्या एका हालचालीत तो सांगतो की हे जे मी गातोय ते माझं एकट्याचं नाही. हिंदू गवई हे करतो, मुसलमान गवई हे करतो, आणि कुणी कुणाकडून शिकलं याचं भान त्यातून पिढी दर पिढी टिकतं. त्यासाठी कोनशिला लागत नाही, पाटीही लागत नाही.

म्हणून जळगावकरांना आणि सगळ्या खानदेशाला माझं एवढंच सांगणं आहे. आपल्या घरात कधी बालगंधर्वांची मुद्रिका लागली, कधी महोत्सवाच्या मांडवात त्यांचं नाव निघालं, किंवा नाट्यगृहावरून जाताना पोरानं विचारलं की हे बालगंधर्व कोण, तर त्याला टिळकांची गोष्ट सांगा, शालूची सांगा, संयुक्त मानापमानाची सांगा. आणि मग सांगा की हे लहान असताना आपल्या गावात मेहबूबखानांकडे गाणं शिकले होते. सांगताना हात कानाच्या पाळीला लावला तर उत्तमच.